नाशिकला पिंजरा नको, पहाटेची बस द्या

नाशिकला प्राणिसंग्रहालय नाही. मे महिना लागला, बहिणीची-नणंदेची पोरं सुट्टीला आली, की ही उणीव घरोघरी निघते. पंचवटी दाखवून झाली, पांडवलेणी चढून झाली, फाळके स्मारकात फोटो काढून झाले, आणि सोमेश्वरचा धबधबा उन्हाळ्यात रोडावलेला. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘‘एवढं मोठं शहर, पण पोरांना दाखवायला एक वाघ नाही!’’

नाही, आणि नकोच. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. पण ते नीट मांडायला हवं, कारण समोरची बाजू हलकी नाही.

तीच आधी सांगते. लहान शहरातल्या प्राणिसंग्रहालयाइतकी स्वस्त आणि सगळ्या घराला सामावून घेणारी सहल दुसरी नसते. ताडोबाची सफारी करायची तर जिप्सी, प्रवेश, मुक्काम मिळून खर्च हजारांत जातो. रिक्षा चालवणाऱ्या बापाला तो झेपत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात मात्र तोच बाप बायको, पोरं आणि म्हाताऱ्या आईला घेऊन जातो. मध्यवर्ती बसस्थानकाजवळच बाग. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी, पाण्याचा कॅन. आजी झाडाखाली चटई टाकते, पोरं धावत सुटतात, आणि बाप धाकट्याला खांद्यावर घेऊन वाघ दाखवतो. बऱ्याचदा त्यानं स्वतःही तो पहिल्यांदाच पाहिलेला असतो. जो या चित्राला नाक मुरडतो त्याला कष्टकरी माणसाचा रविवार ठाऊक नाही. मुंबईची राणीची बाग १८६२पासून हेच काम करते आहे. गिरणगावातल्या कितीतरी घरांनी भायखळ्याच्या त्या जुन्या झाडांखाली आपले सुट्टीचे दिवस घालवले.

म्हणजे खरा प्रश्न आहे कमी पैशांतल्या चांगल्या रविवारचा. तो सोडवायलाच हवा. पण त्यासाठी वाघ कोंडायची गरज नाही आणि कोंडून तो सुटतही नाही, हे महाराष्ट्रातल्या बागांनीच दाखवून दिलंय.

पुण्याचं पेशवे पार्क घ्या. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांच्या काळी शिकारखाना होता. स्वातंत्र्यानंतर १९५३मध्ये महापालिकेनं त्या परिसरात बाग उभारली आणि प्राणी आणले. पुण्यात वाढलेल्या अख्ख्या पिढीनं आपला पहिला सिंह तिथं पाहिला. पण जागा थोडी, भोवतीचं शहर वर्षागणिक दाटत गेलेलं, पिंजरे जुन्या घडणीचे. अखेर प्राणी कात्रजला हलवले गेले आणि २००५मध्ये पेशवे पार्कातलं प्राणिसंग्रहालय बंद झालं.

नागपूरची महाराजबाग कृषी विद्यापीठाच्या ताब्यात, भर शहरात. २०१८मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं तिची मान्यता काढली आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्याच सुमारास सिद्धार्थ उद्यानावरही तीच वेळ आली. तिथल्या जनावरांसाठी मिटमिट्याला मोठी जागा बघावी लागली. याच सिद्धार्थ उद्यानात समृद्धी वाघिणीला वेगवेगळ्या वर्षी बछडे झाले. शहरानं त्यांची बारशी केली, नावं ठेवली. तिथले कर्मचारी प्राण्यांना जीव लावतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जीव लावून जागा वाढत नाही.

दोष रचनेत आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली प्राणिसंग्रहालयांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं आणि पुढच्या वर्षी प्राधिकरण आलं. तेव्हापासून जनावर ठेवायचं तर फिरायला ऐसपैस आवार, माणसांच्या नजरेआड जायला आडोसा, पशुवैद्य, औषधपाणी, नोंदी आणि आठवड्यातून एक दिवस बंद दार, हे सगळं बंधनकारक झालं. कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि राणीची बाग दर बुधवारी बंद असतात, ते यामुळेच. नवं प्राणिसंग्रहालय उघडायचं तर प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. हे सगळे नियम योग्य आहेत. पण ते पाळायचे कुणी? महापालिकेच्या उद्यान विभागाचा हात बसलेला असतो हिरवळ, कारंजी, बाकं आणि झोके यांवर. झोका मोडला तर दोन महिने तसाच राहिला तरी कुणी उपाशी मरत नाही. वाघाचं तसं नसतं.

आपल्याकडे ज्याचं उद्घाटन होतं त्याला पैसा मिळतो. ज्याचं उद्घाटन होत नाही ते मागं पडतं. पिंजऱ्याचं उद्घाटन होतं. पशुवैद्याची जागा भरली म्हणून कुणी फीत कापत नाही. वाघ बंदिवासात पंधरा-सोळा वर्षं सहज जगतो. नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची. या दोन आकड्यांत लहान प्राणिसंग्रहालयांची सगळी दुर्दशा येते.

तरीही माझा मोठा आक्षेप पैशांचा नाही. पैसा उद्या उभा राहील. माझा आक्षेप हा, की पिंजऱ्यासमोर उभं राहून पोर शिकतं काय?

वाघ बहुतेक वेळा झोपलेला असतो. मांजरकुळातली जनावरं दिवसाचा मोठा भाग झोपूनच काढतात. तिकीट काढून आलेल्या माणसाला ते पटत नाही. ‘‘ए, ऊठ की!’’ पासून सुरुवात होते. मग शिट्टी, मग टाळ्या, मग कठड्यावर किल्ल्यांचा खडखडाट. पुढं माकडांकडं वेफरचा पुडा, हरणांकडं केळ्याची सालं. प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, आवारात कचरा टाकणं हा कायद्याच्या ३८-जे कलमाखाली गुन्हा आहे. तशी पाटीही असते, आणि बरेचदा हे सगळं त्या पाटीखालीच चालतं. करणारा पोरगा नसतो, बाप असतो, काका असतो. पोरगा बघत असतो. त्याच्या मनात एक गोष्ट पक्की होते: जनावर दिसलं की जवळ जायचं, ओरडायचं, त्याला हलवायचं आणि फोटो काढायचा. ते आपलं काहीच करू शकत नाही.

हा धडा घेऊन ते पोर राहतं कुठं? नाशिकमध्ये.

आपला जिल्हा बिबट्यांचा आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात मादी पिल्लं घालते. ऊस तुटला की ती पिल्लं शेतकऱ्याला सापडतात. बिबट्या वस्तीत येतो, शहरातही येतो. जानेवारी २०१९मध्ये तो गंगापूर रोडच्या सावरकरनगरात आला. बातमी मोबाईलवरून पसरली आणि माणसं त्याला बघायला जमली. त्या धावपळीत त्यानं केलेल्या हल्ल्यात एक नगरसेवक आणि बातमीसाठी गेलेले पत्रकार जखमी झाले. त्यानंतरही शहरात बिबटे आले, आणि दर वेळी वनविभागाच्या माणसांपुढं दोन कामं उभी राहिली: बिबट्याला बेशुद्ध करायचं आणि गर्दीला मागं सारायचं. दुसरं जास्त अवघड. गच्च्यांवर माणसं, कंपाउंडवर माणसं, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. घाबरलेल्या जनावराला पळायला वाट लागते, आणि आपण नेमकी तीच बंद करून उभे राहतो.

ही गर्दी आकाशातून पडलेली नाही. पिंजऱ्यासमोर दिसते तीच सवय इथंही दिसते.

नाशिकच्या पोराला बिबट्या दिसला तर काय करायचं, हे त्याला पाढ्यांसारखं पाठ हवं. घरात जायचं, दार लावायचं, आवाज करायचा नाही, मोठ्यांना सांगायचं, आणि मोठ्यांनी १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवायचं. पिंजरा याच्या बरोबर उलटं शिकवतो. म्हणून इतर कुठल्या शहराला परवडेल, पण या शहराला तो परवडत नाही.

कुणी म्हणतं, पकडलेले बिबटेच ठेवा की! जुन्नरजवळ माणिकडोहला असं केंद्र आहे. सोडता न येणारे, जखमी, आईपासून तुटलेले बिबटे तिथं सांभाळले जातात. ते तमाशासाठी नाही, आणि नसावंच. आजारी जनावराला पोटभर अन्न आणि शांतता द्यायची असते. रविवारची रांग त्याच्यापुढं आणून उभी करायची नसते.

‘‘पण पोरांनी वाघ बघायचाच नाही का?’’ हा प्रश्न सर्कशीच्या वेळीही होता. विष्णुपंत छत्र्यांनी १८८०च्या सुमारास भारतीय सर्कशीचा पाया घातला. मराठी माणसाला या कलेचा अभिमान आहे आणि असावा. वाघ-सिंहांशिवाय सर्कस, ही कल्पना आमच्या लहानपणी कुणी केली नसती. १९९८मध्ये केंद्र सरकारनं वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयानं २००१मध्ये ती उचलून धरली. आज चाबकाच्या धाकानं स्टुलावर बसणारा सिंह पाहिला नाही म्हणून कुठल्या मुलाचं बालपण उणं राहिलेलं मला दिसत नाही. आपण एकदा बदललो आहोत. दुसऱ्यांदाही बदलू.

आणि आता आपल्याकडं काय आहे ते.

नांदूर मध्यमेश्वर. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला गेला. त्यातून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडचा मुलूख भिजला. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागं वर्षानुवर्षं साठत गेला. पाणी उथळ झालं, मध्ये बेटं वर आली, काठानं पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा तोटाच, कारण गाळ साठला तेवढी पाण्याची जागा गेली. पण उथळ पाण्यात उभं राहून चिखलातलं खाणाऱ्या पक्ष्यांना नेमकं हेच हवं असतं. ते आले आणि येत राहिले. १९८६मध्ये अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२०मध्ये रामसर यादीत नाव लागलं, आणि महाराष्ट्रातली ही पहिली रामसर पाणथळ जागा ठरली. मुंबई नाही, कोकण नाही, आपलं निफाड. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

आमच्या घरचा हिवाळ्यातला रविवार तिथं कसा जातो ते सांगते. अंधारात निघायचं, चांदोरी-सायखेड्यावरून. अभयारण्याच्या काठच्या चापडगावला पोहोचेपर्यंत तांबडं फुटतं. गावातलाच एखादा तरुण गाईड म्हणून सोबत येतो, खांद्यावर तिपाईची मोठी दुर्बीण. ती तो लावतो, आणि पोरांना पहिली गोष्ट सांगतो ती पक्ष्याची नाही. ‘‘आधी गप्प उभं राहायचं. बोलायचं तर कानात.’’ मी घरी वर्षभर घसा फोडून सांगते ते पोरं इथं एका वाक्यात ऐकतात, कारण ऐकलं नाही तर समोरचं पाणी रिकामं होतं. शिक्षा लगेच आणि न्याय्य.

मग हळूहळू डोळे सरावतात. लांब लाल पायांचा शेकाट्या चिखलात जपून पाऊल टाकतो. चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडं फिरवत चालतो. वारकरी दिसतो, सगळा काळा आणि कपाळावर पांढरा टिळा. लडाख-तिबेटकडून उतरलेले चक्रवाक जोडीनं बसलेले असतात. जांभळी पाणकोंबडी गवतातून डोकावते. मग केव्हातरी वरून दलदली भोवत्या घिरटी घालतो आणि पाण्यावरची सगळी बदकं एकदम उठतात. पंखांचा तो आवाज ज्यानं एकदा ऐकला त्याला टाळ्या वाजवून वाघ उठवायची इच्छा होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

धाकटा अर्ध्या तासात कंटाळतो. हे लपवत नाही. लहान मूल आहे, कंटाळणारच. त्याच्या हातात वही द्यायची आणि सांगायचं, काळे किती, पांढरे किती, लिही. कमळपक्ष्यात अंड्यांवर बाप बसतो आणि पिल्लंही तोच सांभाळतो, हे गाईडनं सांगितलं की मात्र तो वही टाकून बापाकडं बघतो.

पण सगळ्यात जास्त बदल दिसतो तो सासूबाईंमध्ये. बागेत गेलो की त्या बाकावर बसून पिशव्या राखतात. ‘‘तुम्ही या बघून, मी इथंच हाय,’’ म्हणतात. कारण पाटीवर लिहिलेलं पाणघोडं आणि शहामृग त्यांचं कुणी लागत नाही. त्या कोपरगावकडच्या, गोदाकाठी वाढलेल्या. इथं पक्षी बघायच्या मनोऱ्याखाली खुर्ची टाकून त्यांना बसवलं की पोरंच त्यांच्याकडं धावत येतात. ‘‘आजी, हा कुठला गं?’’ ‘‘ही ढोकरी. बसली की मातकट, उडाली की पांढरी. आणि ती बोंबलती ना, ती टिटवी. तिनं अंडी उंचवट्यावर घातली की आमचे आबा म्हणायचे, औंदा पाणी लई.’’ टिटवीचा अंदाज खरा ठरतो की नाही ते हवामानवाल्यांनी बघावं. मला दिसतं ते हे, की घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाकडं सगळ्यात जास्त माहिती निघते आणि नातवंडं ती मागून घेतात. असं प्राणिसंग्रहालयात होत नाही. तिथं आजीजवळ सांगायला काही नसतं.

परतताना चांदोरीला गोदेचं पात्र. पाणी उतरलेलं असलं तर पात्रातली जुनी दगडी मंदिरं उघडी पडलेली दिसतात. मग रसवंतीवर रस, हंगाम असेल तर वाटेवरची द्राक्षं. दुपारच्या जेवणाला घरी.

एवढंच नाही. येवल्याकडं ममदापूरच्या माळावर काळवीट आहेत, २०१४पासून राखीव संवर्धन क्षेत्रात. तिथं काळवीट पळतं तेव्हा कळतं की त्याला किती जागा लागते. कुठल्याही महापालिकेला तेवढं आवार बांधता येणार नाही. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं देशातली गिधाडं संपत आली. २००६मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तेव्हा कुठं ऱ्हासाचा वेग कमी झाला. आणि इथं पिंजऱ्याच्या बाजूनं एक गोष्ट मान्य करायला हवी: हरियाणात पिंजोरला गिधाडांची पैदास बंदिस्त जागेतच होते आणि ते काम मोलाचं आहे. पण तो पिंजरा पक्षी वाढवण्यासाठी आहे, रविवारच्या पाहुण्यांसाठी नाही. आणखी जवळ रामशेजच्या शेजारी बोरगड, २००८मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र. उजाड झालेला डोंगर नाशिकच्या निसर्गप्रेमींनी, वनविभागानं आणि गावकऱ्यांनी मिळून परत हिरवा केला.

एवढं जवळ असताना आपण गाडी काढून राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जातो. जा, जरूर जा. पण आधी हे बघा.

अडचण कुठं आहे, तेही स्पष्ट बोलते. मी वर सांगितलेला रविवार गाडी असलेल्या घराचा आहे. पहाटे चापडगावला पोहोचायचं तर स्वतःचं वाहन हवं. सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या, पंचवटीत भाड्यानं राहणाऱ्या, सिडकोत रिक्षा चालवणाऱ्या माणसाच्या पोरांनी काय करायचं? सिद्धार्थ उद्यान त्याला हवंसं वाटतं ते बसस्थानकाजवळ आहे म्हणून, स्वस्त आहे म्हणून, तिथं सावली आणि संडास आहे म्हणून. यातली एकही गोष्ट वाघावर अवलंबून नाही.

याचा पुरावा पुन्हा पेशवे पार्कातच आहे. तिथली फुलराणी ही छोटी रेल्वे ८ एप्रिल १९५६ला सुरू झाली. प्राणी गेल्यावरही ती धावत राहिली आणि पोरं तिच्यासाठी येत राहिली. बागेत पुढं ऊर्जा उद्यान झालं, साहसी खेळ आले. वाघ गेला म्हणून पुण्याचा रविवार ओस पडला नाही. मुलांना लागतं झाड, धावायला जागा, एखादी गाडी, एखादा झोका आणि मोकळा असलेला आई-बाप.

तेव्हा माझी मागणी अशी. नोव्हेंबर ते मार्च या काळात दर रविवारी पहाटे साडेपाचला निमाणीहून चापडगावसाठी थेट बस सोडावी आणि तीच अकराच्या सुमाराला परत आणावी. सिटीलिंक २०२१पासून शहराची बससेवा चालवते, तिनं हा मार्ग घ्यावा. वनविभागाची परवानगी आणि एसटीची साथ लागली तर महापालिकेनं पुढं होऊन ती मिळवावी. तिकीट असं, की पाच माणसांचं घर त्यात बसेल. बसबरोबर भाड्यानं मिळणाऱ्या दहा-वीस साध्या दुर्बिणी. मनोऱ्यापाशी बायकांसाठी स्वच्छ संडास, कारण तो नसला तर आजी आणि सून दोघीही घरीच राहतात. गावातल्या गाईड पोरांना ठरलेला मोबदला, म्हणजे अभयारण्य राखणं त्यांच्या पोटाला लागेल. आणि गाडीतल्या लोकांनी पार्किंगपाशी स्पीकर लावला तर दंड, जागच्या जागी.

शहरातही करण्यासारखं खूप आहे. पांडवलेण्याच्या पायथ्याशी नेहरू वनोद्यान आहे. तिथं आणि प्रत्येक प्रभागाच्या बागेत, ‘या बागेत कोणते पक्षी दिसतात’ अशी मराठी नावांची पाटी लावा. शाळांनी महिन्यातून एक सकाळ तिथं वर्ग भरवावा. याला निविदा लागत नाही. मुख्याध्यापकाची सही पुरते.

राहिली सगळ्यात कडू गोष्ट. नांदूर मध्यमेश्वरचं पाणी आपल्याच गंगेचं, म्हणजे गोदावरीचं आहे. रामकुंडावरून जे वाहतं ते खाली तिथं पोहोचतं. शहराचं सांडपाणी नदीत जातं, त्यावर पाणवेल फोफावते. ती पाण्यावर पसरली की उथळ पाणी झाकलं जातं, आणि पक्ष्यांना जिथं उभं राहायचं तीच जागा जाते. रामसरचा फलक लावून हे थांबणार नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी गोदावरी शुद्ध करायची भाषा चालू आहे. ती शुद्धी पर्वणीच्या दिवसापुरती आणि रामकुंडापुरती नसावी. घाटावर पाणी स्वच्छ आणि सायखेड्याला पाणवेल, असं असेल तर नदी स्वच्छ झालेली नाही. उद्या कुणी प्राणिसंग्रहालयासाठी कोटी मागितले, तर ते सगळे सांडपाणी प्रकल्पाला द्या. त्यातून जगणारे पक्षी पिंजऱ्यात मावतील त्याहून कितीतरी जास्त असतील.

नाशिककरांना हे कळत नाही असं मी मानत नाही. तपोवनातली झाडं तुटणार म्हटल्यावर २०२५च्या अखेरीस याच शहरातली माणसं, म्हातारी आणि शाळकरी, रस्त्यावर आली. झाडांसाठी उतरता येतं, तर एका बससाठी अर्ज नक्कीच करता येईल.

थंडी पडायला लागली की पक्षी येतात, मार्चपर्यंत थांबतात. मागणी त्याआधी पोहोचली पाहिजे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटा. सिटीलिंकच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शाळेच्या पालकसभेत विषय काढा. आणि कुणी व्यासपीठावरून नाशिकला वाघ आणायची घोषणा केली, तर त्याला दोनच प्रश्न विचारा: त्या वाघाला पंधरा वर्षं कोण सांभाळणार, आणि गोदावरीत जाणारी गटारं कधी बंद होणार? उत्तर लेखी घ्या.